प्रवेशिकेआधी नियम वाचा : ऑनलाइन डिझाइन स्पर्धांत उतरणाऱ्यांसाठी

स्वच्छ भारत अभियानाचं बोधचिन्ह आज भिंतींवर, कचरागाड्यांवर आणि खिशातल्या नव्या नोटांच्या मागच्या बाजूवर दिसतं. गांधीजींचा चष्मा, एका काचेत ‘स्वच्छ’, दुसऱ्या काचेत ‘भारत’ आणि दोन काचा जोडणाऱ्या पुलावर तिरंगा. हे चिन्ह साकारलं कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी. ते कुठल्या बड्या जाहिरात कंपनीकडून आलं नाही. केंद्र सरकारचं ‘मायगव्ह’ हे संकेतस्थळ २६ जुलै २०१४ रोजी सुरू झालं. त्यानंतर काही आठवड्यांतच तिथे झालेल्या खुल्या स्पर्धेतून हे चिन्ह निवडलं गेलं आणि २ ऑक्टोबरला अभियानासोबत देशासमोर आलं.

अशी उदाहरणं महाराष्ट्रातल्या कला महाविद्यालयांत आवर्जून सांगितली जातात आणि ती सांगायलाच हवीत. उपयोजित कला शिकणाऱ्या लातूरच्या किंवा सावंतवाडीच्या मुलीला मुंबईतल्या एजन्सीची ओळख नसली, तरी तिचं काम थेट परीक्षकांपर्यंत पोहोचू शकतं, ही साधी गोष्ट नाही. पण त्याच स्पर्धेत जे जिंकत नाहीत, त्यांच्या श्रमांचं काय होतं, हे नियमपत्रकात लिहिलेलं असतं आणि ते फार थोडे जण वाचतात. ब्रीफ, म्हणजे कामाच्या मागणीचा तपशील, तीनदा वाचणारे विद्यार्थी नियमांखालच्या ‘मान्य आहे’वर न वाचताच टिचकी मारतात.

डिझाइन स्पर्धेत भाग घेणं म्हणजे मोबदल्याच्या हमीशिवाय काम करणं. प्रत्येक प्रवेशिकेमागे काही तासांची मेहनत जाते आणि ती वाया जाण्याचा धोका कुणी ना कुणी उचलतो. हा धोका डिझायनरने किती उचलायचा आणि क्लायंटने किती, हे नियम ठरवतात. पुढच्या वेळी कोणत्या स्पर्धेचं दार उघडेल, हे संकेतस्थळावरची डिझायनरची क्रमवारी ठरवते. म्हणून कोणतंही कलम वाचताना एकच प्रश्न विचारावा : इथे धोका कोणाच्या डोक्यावर ठेवला आहे? या प्रश्नाचं उत्तर शोधायची सवय लागली की चांगली स्पर्धा आणि वेळखाऊ स्पर्धा यांतला फरक पाच मिनिटांत कळतो.

स्पर्धांचे तीन प्रकार

पहिला प्रकार सरकार आणि संस्थांच्या खुल्या स्पर्धांचा. त्या वरचेवर निघत नाहीत, प्रवेशिका प्रचंड येतात आणि निवड समितीकडून होते. बक्षिसापेक्षा नाव मोठं होतं.

दुसरा प्रकार बाजारपेठेचा. ‘९९डिझाइन्स’, ‘डिझाइनक्राउड’, ‘क्राउडस्प्रिंग’, ‘फ्रीलान्सर’ आणि भारतातून सुरू झालेलं ‘डिझाइनहिल’ ही यातली परिचित नावं. ‘९९डिझाइन्स’चा जन्म मेलबर्नमधल्या ‘साइटपॉइंट’ या वेब डिझायनरांच्या समूहात झाला. तिथले सदस्य आपसांत लोगो काढण्याच्या चढाओढी खेळत. त्यांत काहींनी खरे पैसे लावायला सुरुवात केली आणि २००८ मध्ये त्यातून स्वतंत्र कंपनी उभी राहिली. २०२० मध्ये ती ‘व्हिस्टाप्रिंट’ने विकत घेतली. या बाजारात क्लायंट बक्षिसाची रक्कम आधी भरतो, जगभरातले डिझायनर काम दाखवतात, क्लायंट एक निवडतो आणि कंपनी मधला वाटा घेते.

तिसरा प्रकार मतदानाचा. शिकागोच्या ‘थ्रेडलेस’ने २००० पासून टी-शर्टच्या चित्रांसाठी ही पद्धत रुजवली. चित्र आठवडाभर लोकांसमोर राहायचं आणि पाहणारे त्याला पाचपैकी गुण द्यायचे. मात्र सर्वाधिक गुणांचं चित्र आपोआप छापलं जात नसे. वरच्या गुणांच्या चित्रांतून अंतिम निवड कंपनीचे लोक करत. मतदानाच्या स्पर्धेत उतरताना हा तपशील आधी शोधावा : मतं निर्णय देतात की नुसती शिफारस करतात? शिफारसच असेल, तर नातेवाइकांना मतांसाठी संदेश पाठवण्यात घालवलेला वेळ चित्रावर घालवलेला बरा.

दारात कोण उभं राहू शकतं

पात्रतेचं कलम बहुतेकांना औपचारिक वाटतं. टोकियो २०२० ऑलिंपिकच्या बोधचिन्हाची कथा मात्र वेगळंच सांगते. पहिल्या स्पर्धेत ठरावीक डिझाइन पुरस्कार मिळवलेल्यांनाच प्रवेश होता. १०४ प्रवेशिका आल्या. केन्जिरो सानो यांचं चिन्ह निवडून जुलै २०१५ मध्ये जाहीर झालं आणि काही दिवसांतच बेल्जियममधल्या लिएज इथल्या नाट्यगृहाच्या चिन्हाशी त्याचं साम्य असल्याचा आरोप झाला. सानो यांनी नक्कल केल्याचं नाकारलं, पण वाद वाढत गेला आणि १ सप्टेंबरला आयोजकांनी चिन्ह मागे घेतलं. पुढे चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली. आयोजकांनी काही डिझायनरांना आधीच वेगळं निमंत्रण दिलं होतं आणि त्यांतल्या काहींच्या प्रवेशिका पहिल्या फेरीतून अयोग्य रीतीने पुढे सरकवल्या गेल्या होत्या.

मग नियम नव्याने लिहिले गेले. जपानमध्ये राहणाऱ्या अठरा वर्षांवरील कुणालाही प्रवेश, गट करून भाग घेण्याची मुभा, शेवटच्या चार चिन्हांची आधी व्यापारचिन्हांच्या नोंदींशी पडताळणी, मग ती चारही लोकांसमोर ठेवून अभिप्राय. यावेळी १४,५९९ प्रवेशिका आल्या आणि एप्रिल २०१६ मध्ये आसाओ तोकोलो यांचं निळ्या चौकटींचं चिन्ह निवडलं गेलं. जागतिक सोहळा तोच राहिला, नियम तेवढे बदलले. त्यासोबत स्पर्धकांची संख्या, निवडीची पद्धत आणि निकालावरचा विश्वास हे सगळं बदललं.

आपल्याकडची रुपयाच्या चिन्हाची स्पर्धाही या संदर्भात आठवावी. अर्थ मंत्रालयाने २००९ मध्ये ती जाहीर केली. प्रत्येकाला जास्तीत जास्त दोन प्रवेशिकांची मर्यादा होती आणि सोबत पाचशे रुपयांचं शुल्क होतं. तीन हजारांहून अधिक चिन्हं आली. मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक डिझाइन केंद्रात संशोधन केलेले डी. उदय कुमार जिंकले आणि १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने त्यांच्या चिन्हाला मान्यता दिली. बक्षीस अडीच लाखांचं होतं. प्रवेशिकांवर अशी मर्यादा असली की वीस चिन्हं ओतण्याऐवजी दोनच नीट घडवावी लागतात. परीक्षकालाही प्रत्येक कामाकडे पाहायला थोडी उसंत मिळते.

बाजारपेठेतल्या संकेतस्थळांवर पात्रतेचे नियम साधे पण कडक असतात : वय अठरा पूर्ण, एका माणसाचं एकच खातं, नाव ओळखपत्राशी जुळणारं. घरातल्या दोघांनी एकाच संगणकावरून दोन खाती चालवली तर यंत्रणेला ते एकाच माणसाने उघडलेलं दुहेरी खातं वाटू शकतं. भाऊ-बहीण दोघेही डिझायनर असतील, तर सुरुवातीलाच संकेतस्थळाच्या मदत विभागाला लेखी कळवून ठेवावं. जिंकल्यावर पैसे अडकले की हा खुलासा करत बसणं फार कठीण जातं.

हमी आहे की नाही

बाजारपेठेच्या स्पर्धेत सर्वांत आधी शोधायचा शब्द म्हणजे ‘गॅरंटीड’. हा शब्द नसेल, तर काम पसंत पडलं नाही असं सांगून क्लायंट पैसे परत मागू शकतो. चाळीस डिझायनरांनी काम केलेलं असतं आणि कुणालाही काही मिळत नाही. हमी असेल तर बक्षीस कुणाला ना कुणाला द्यावंच लागतं. हमी देऊन क्लायंट गायब झाला, तर ती रक्कम निवडक स्पर्धकांत वाटण्याची तरतूदही काही ठिकाणी असते.

‘९९डिझाइन्स’वरच्या नेहमीच्या स्पर्धेत चार दिवसांची पहिली फेरी असते. त्यातून क्लायंट जास्तीत जास्त सहा जणांना निवडतो आणि मग तीन दिवसांची अंतिम फेरी होते. अंतिम फेरीत गेल्यावर क्लायंटला पैसे परत मागता येत नाहीत. म्हणजे पहिल्या चार दिवसांत धोका बराचसा डिझायनरकडे असतो आणि नंतरच्या तीन दिवसांत तो क्लायंटकडे झुकतो. याचा व्यवहारात उपयोग असा : बिनहमीच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत एकच नेमकी कल्पना मांडावी आणि बारकाईचं काम, व्हिजिटिंग कार्डावरचं रूप, रंगांचे पर्याय हे सगळं अंतिम फेरीसाठी राखून ठेवावं.

सरकारी स्पर्धांत या जागी एक वेगळं वाक्य येतं : ‘कोणतंही कारण न देता स्पर्धा रद्द करण्याचा किंवा कुणालाही बक्षीस न देण्याचा अधिकार आयोजकांकडे राहील.’ हे वाक्य जवळपास प्रत्येक नियमपत्रकात असतं, म्हणून घाबरून मागे फिरण्याचं कारण नाही. पण त्याच पत्रकात निवड समिती कोण, निकालाची तारीख कोणती आणि निवडीचे निकष काय, यांपैकी एकही गोष्ट नसेल, तर तिथे जास्त तास घालवू नयेत.

क्लायंटची पार्श्वभूमीही पाहता येते. त्याने याआधी किती स्पर्धा घेतल्या, किती वेळा विजेता निवडला, डिझायनरांना किती वेळा अभिप्राय दिला, हे अनेक संकेतस्थळांवर उघड दिसतं. पाच स्पर्धा घेऊन एकदाच विजेता निवडणाऱ्याच्या दारात पुन्हा रांग लावणं म्हणजे वाटा ठरवल्याशिवाय दुसऱ्याच्या शेतात पेरणी करणं.

उघडी स्पर्धा, बंद स्पर्धा आणि नक्कल

काही स्पर्धांत सगळ्यांची कामं सगळ्यांना दिसतात. काही ‘ब्लाइंड’, म्हणजे बंद, असतात. त्यांत डिझायनरला आपलंच काम दिसतं आणि क्लायंटला सगळ्यांचं. उघड्या स्पर्धेत एखाद्या लोगोला क्लायंटकडून पाचपैकी पाच तारे मिळाले की दुसऱ्या सकाळपर्यंत त्याच्या चार-पाच सावल्या हजर होतात. हे सगळ्यांनाच छळतं, म्हणून मोठ्या संकेतस्थळांवर मूळ कल्पनेच्या संरक्षणाचे नियम आहेत : दुसऱ्याच्या प्रवेशिकेतली ओळखता येईल अशी कल्पना उचलली, तर प्रवेशिका काढली जाते आणि खात्यावर ताकीद बसते. वारंवार झालं तर खातं बंद होतं.

तक्रार करताना चिडून लिहिलेली लांब पत्रं उपयोगी पडत नाहीत. दोन्ही प्रवेशिकांचे क्रमांक, आपली प्रवेशिका आधीची असल्याचा दिवस आणि वेळ, नेमकं काय सारखं आहे ते दोन वाक्यांत. इतकं पुरतं. मात्र पानावर पान, घरावर छत किंवा इंग्रजी आद्याक्षर वर्तुळात बसवणं यावर कुणाचीच मालकी नसते. ‘ही माझी कल्पना’ म्हणण्याआधी ती खरोखर आपली आहे का, हे प्रामाणिकपणे तपासावं.

उघड्या स्पर्धेत फार लवकर उतरलं तर नकलेचा धोका असतो आणि फार उशिरा उतरलं तर क्लायंटचा अभिप्राय हातून जातो. म्हणून नवख्यांसाठी बंद स्पर्धा जास्त हिताच्या. तिथे पहिल्याच दिवशी प्रवेशिका द्यावी, अभिप्राय मिळवावा आणि सुधारत जावं. ‘दुसऱ्यांचं काम पाहून शिकता येतं’ हा उघड्या स्पर्धांचा फायदा खरा आहे. पण ते शिकणं संपलेल्या स्पर्धा पाहूनही होतं.

तयार चित्रं, फॉन्ट आणि एआय

लोगोच्या स्पर्धांत तयार चित्रसंग्रहातलं, म्हणजे स्टॉकमधलं, चित्र वापरायला मनाई असते. कारण उघड आहे : जे चित्र उद्या शेजारचा दुकानदारही विकत घेऊ शकतो, ते एखाद्याची ओळख होऊ शकत नाही आणि व्यापारचिन्ह म्हणून नोंदवतानाही अडचण येते. माहितीपत्रक, वेष्टन किंवा वेबपान यांच्या स्पर्धेत मात्र स्टॉक छायाचित्रं चालतात, पण ती जाहीर करून, दुव्यासह आणि परवान्याची किंमत सांगून.

फॉन्टचं प्रकरण देवनागरीत जास्त नाजूक आहे. संगणकावर कुठूनतरी आलेले, नावं बदललेले फॉन्ट आपल्याकडे सर्रास वापरले जातात आणि जिंकल्यावर क्लायंट परवाना मागतो तेव्हा उत्तर सापडत नाही. मुक्त परवान्याचे चांगले देवनागरी फॉन्ट आज उपलब्ध आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या गटाचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे त्यांतले दोन, व्यावसायिक कामातही वापरता येणारे. प्रवेशिकेच्या वर्णनात फॉन्टचं नाव आणि परवाना लिहिण्याची सवय लावली तर क्लायंटचा विश्वास आपसूक वाढतो.

एआयने बनवलेल्या प्रतिमांबाबत प्रत्येक संकेतस्थळाचे नियम वेगळे आहेत आणि ते बदलत आहेत. त्यामुळे प्रत्येक स्पर्धेआधी ते नव्याने पाहावेत. इथे कायद्याचा मुद्दाही आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून स्पष्ट केलं की माणसाची निर्मिती असल्याशिवाय कॉपीराइटची नोंदणी मिळत नाही. अमेरिकी क्लायंटला एआयचा लोगो न सांगता विकणं म्हणजे ज्यावर मालकीच सिद्ध होणार नाही, अशी वस्तू त्याच्या हाती देणं. संदर्भचित्रं शोधायला एआय वापरलं असेल तरी ते सांगावं. अंतिम रेषा आपल्या हातची असावी आणि आधीची कच्ची रेखाटनं जपून ठेवावीत.

ताऱ्यांचा अर्थ

स्पर्धा चालू असताना क्लायंट प्रवेशिकांना एक ते पाच तारे देतो. हे तारे म्हणजे निकाल नव्हे, संवाद आहे. पण डिझायनरच्या वागण्यावर त्यांचा मोठा परिणाम होतो. डॅनियल ग्रॉस या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने लोगो स्पर्धांच्या माहितीवरून हाच अभ्यास केला. एकाच डिझायनरच्या लागोपाठच्या प्रवेशिका किती सारख्या आहेत, हे त्याने प्रतिमा ताडून पाहणाऱ्या संगणकप्रणालीने मोजलं. निष्कर्ष विचार करायला लावणारे आहेत. पहिल्यांदा सर्वोच्च तारे मिळाले की डिझायनर त्याच कामात किरकोळ फेरफार करत राहतो, वेगळं काही करून पाहत नाही. समोर तितकेच तारे मिळवलेला एखादा प्रतिस्पर्धी असेल तर तो नवी वाट धरतो. आणि वरच्या ताऱ्यांची गर्दी फार झाली की तो काम करणंच थांबवतो.

यातून नवख्याने तीन गोष्टी घ्याव्यात. पाच तारे मिळाल्यावर रंगबदलाच्या सहा आवृत्त्या टाकण्याऐवजी एक संपूर्ण वेगळी कल्पना द्यावी, कारण ताऱ्यांवर समाधान मानणं ही बहुतेकांची सहजप्रवृत्ती आहे आणि तिथेच पुढे जाण्याची संधी असते. दोन तारे मिळाले तर ‘नेमकं काय पटलं नाही?’ असं नम्रपणे एकदा विचारावं. उत्तर आलं नाही तर तिथून निघावं. आणि स्पर्धेत आधीच अनेक कामांवर पाच तारे दिसत असतील, तर तिथे नव्याने शिरू नये.

क्रमवारी कशी बनते

प्रत्येक संकेतस्थळ आपलं सूत्र पूर्ण उघड करत नाही, पण घटक साधारण सारखे असतात : जिंकलेल्या स्पर्धा, अंतिम फेरीत पोहोचण्याचं प्रमाण, क्लायंटचे अभिप्राय, संदेशांना उत्तर देण्याचा वेग, अलीकडच्या काळातला सहभाग आणि नियमभंगाच्या ताकिदी. ‘क्राउडस्प्रिंग’वर यांतून डिझायनरच्या प्रतिष्ठेचा गुणांक तयार होतो. ‘९९डिझाइन्स’वर सुरुवातीची, मधली आणि वरची अशा तीन पातळ्या आहेत आणि पातळी ठरवताना कंपनीची माणसं डिझायनरचं काम प्रत्यक्ष पाहतात. नुसत्या विजयांच्या संख्येवर तिथे वर चढता येत नाही. कामाचा दर्जा, कल्पनेचं वेगळेपण, क्लायंटशी बोलण्याची पद्धत हेही पाहिलं जातं.

या पातळ्या म्हणजे नुसता सन्मान नव्हे. तिथल्या सर्वांत महाग, प्लॅटिनम स्पर्धांत फक्त वरच्या पातळीचेच डिझायनर उतरू शकतात. पातळी वाढली की कंपनी कापून घेत असलेला हिस्साही कमी होतो. म्हणजे क्रमवारीचा संबंध थेट कमाईशी आणि स्पर्धेतल्या गर्दीशी आहे.

इथेच नवख्यांकडून मोठी गल्लत होते. लवकर वर जायचं म्हणून ते दिसेल त्या स्पर्धेत प्रवेशिका टाकतात. समजा, बक्षीस पंधरा हजार रुपयांचं आहे, पंचवीस डिझायनर आहेत आणि एका प्रवेशिकेला सहा तास लागतात. सगळ्यांची संधी समान धरली तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी सहाशे रुपये येतात, म्हणजे तासाला शंभर. आता तोच डिझायनर फक्त आपल्या हातच्या विषयाची, उदाहरणार्थ देवनागरी अक्षरांकनाची, स्पर्धा निवडतो आणि तिथे त्याची संधी आठात एक होते. तेवढ्याच सहा तासांचं सरासरी मोल १,८७५ रुपयांवर जातं, तासाला तीनशेच्या वर. शिवाय अंतिम फेरीत पोहोचण्याचं प्रमाण सुधारतं आणि क्रमवारी ठरताना ते प्रमाणही मोजलं जातं. अवांतर तीस स्पर्धांनी हे प्रमाण खाली येतं, आणि ते पुन्हा वर आणायला कैक महिने लागू शकतात.

क्रमवारी फुगवण्याचे आडमार्गही बाजारात आहेत : मित्राच्या नावाने खोटी स्पर्धा, एकमेकांना पाच तारे, विकत घेतलेलं जुनं खातं. पैशांचा माग आणि लॉगिनची नोंद संकेतस्थळांकडे असते. असं खातं बंद झालं की त्यातली शिल्लकही अडकते. त्यापेक्षा वेगळी भीती जास्त खरी आहे : कष्टाने कमावलेली क्रमवारी त्या संकेतस्थळाबाहेर नेता येत नाही. कंपनीने सूत्र बदललं, पातळ्या नव्याने आखल्या किंवा मालक बदलला तर वर्षांची मेहनत एका सूचनेने खाली येऊ शकते. म्हणून प्रत्येक जिंकलेल्या कामाची नोंद स्वतःच्या संग्रहातही ठेवावी, अर्थात गोपनीयतेची अट नसेल तर.

हक्क कोणाचे, हरलेल्या कामाचेही

बाजारपेठेच्या स्पर्धांत सर्वसाधारण पद्धत अशी : विजेत्या कामाचे हक्क करारानुसार क्लायंटकडे जातात आणि न जिंकलेली कामं डिझायनरचीच राहतात. हरलेली कल्पना पुढे दुसरीकडे वापरता येते, पण आधीच्या क्लायंटचं नाव आणि खुणा पूर्ण काढून. एकदा विकलेली कल्पना मात्र पुन्हा दुसऱ्याला विकता येत नाही.

संस्थांच्या स्पर्धांत सावध राहायला हवं. तिथे कधी कधी ‘आलेल्या सर्व प्रवेशिकांचे हक्क आयोजकांचे’ असं कलम असतं. विजेत्याबाबत ते समजू शकतं, कारण त्याला बक्षीस मिळतं. हरलेल्या हजारो जणांकडून फुकट हक्क घेणं अन्यायाचं आहे. असं कलम दिसलं की आयोजकांना विचारणा करावी आणि उत्तर पटलं नाही तर भाग घेऊ नये. महाविद्यालयांनीही अशा स्पर्धांची पत्रकं फलकावर लावण्याआधी हे कलम वाचायला हवं.

भारताचा कॉपीराइट कायदा, १९५७ या बाबतीत कलाकाराच्या बाजूने बराच उभा आहे. कलम १९ नुसार हक्क हस्तांतरित करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी असावे लागतात, कोणतं काम आणि कोणते हक्क हे स्पष्ट असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची समजली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कलम ५७ नुसार हक्क विकल्यावरही निर्माता म्हणून आपलं नाव सांगण्याचा आणि आपल्या कामाची प्रतिष्ठेला धक्का लावणारी मोडतोड रोखण्याचा अधिकार कलाकाराकडे राहतो. परदेशी संकेतस्थळांचे करार मात्र बहुधा तिथल्या कायद्यानुसार असतात. करारात कोणत्या देशाचा कायदा लागू होईल, ती ओळ नक्की शोधावी.

आणखी एक अट अनेकांना महागात पडते : प्रवेशिका याआधी कुठेही प्रसिद्ध झालेली नसावी. निकालाआधी उत्साहाने समाजमाध्यमावर टाकलेलं चित्र प्रवेशिका बाद करू शकतं.

जिंकल्यानंतर

विजेता जाहीर झाला की काम संपत नाही. मूळ व्हेक्टर फाइल, छपाईसाठीची रंगसंगती, काळ्या-पांढऱ्या रंगातलं रूप, फॉन्टची माहिती हे सगळं ठरलेल्या मुदतीत द्यावं लागतं. त्यानंतरच पैसे सुटतात. कमी रिझोल्यूशनच्या प्रतिमेवर स्पर्धा जिंकून नंतर व्हेक्टर फाइल देता न आल्याने बक्षीस गमावण्याची वेळ कुणावरही येऊ नये. म्हणून प्रवेशिका देण्याआधीच फाइल पूर्ण बनवलेली असावी. क्लायंटने ब्रीफबाहेरची नवी कामं मागितली, तर ती वेगळ्या मोबदल्याची आहेत हे शांतपणे सांगावं.

बक्षीस डॉलरमध्ये दिसतं, पण खात्यात येईपर्यंत संकेतस्थळाचा हिस्सा, पैसे पाठवणाऱ्या कंपनीचं शुल्क आणि चलनबदलाचा दर वजा झालेला असतो. ‘पेपॅल’ने १ एप्रिल २०२१ पासून भारतातले देशांतर्गत व्यवहार बंद केले, पण परदेशातून येणारी रक्कम तिथून घेता येते. परकीय रक्कम जमा झाल्याचं बँकेचं प्रमाणपत्र प्रत्येक वेळी जपून ठेवावं, कारण कर आणि जीएसटीच्या कामात ते लागतं. बक्षीस म्हणून मिळालेल्या रकमेला आणि व्यावसायिक कामाच्या मोबदल्याला कराचे वेगळे नियम लागू होऊ शकतात. पहिलं मोठं बक्षीस मिळताच सनदी लेखापालाचा सल्ला घेतला तर पुढचा मनस्ताप वाचतो.

आक्षेप आणि त्यातलं तथ्य

‘एआयजीए’ ही अमेरिकेतली डिझायनरांची जुनी संघटना फुकट काम करून घेण्याच्या पद्धतीबद्दल अनेक वर्षं इशारा देत आली आहे. डिझाइन म्हणजे क्लायंटची अडचण समजून घेणं, त्याच्याशी चर्चा करणं, चुकून पाहणं. तीन परिच्छेदांच्या ब्रीफवरून चित्रं ओतणं म्हणजे या प्रक्रियेला फाटा देणं, असं तिचं म्हणणं. ‘गॅप’ या कपड्यांच्या कंपनीने ऑक्टोबर २०१० मध्ये नवा लोगो आणला आणि तो लोकांना आवडला नाही, तेव्हा ‘तुमच्या कल्पना पाठवा’ असं आवाहन करून पाहिलं. डिझायनरांकडून त्यावर आणखी टीका झाली. आठवडाभरात कंपनी जुन्या निळ्या चौकटीकडे परतली.

या आक्षेपात तथ्य आहे. पण मुंबई-पुण्याबाहेरच्या, ओळखीपाळखी नसलेल्या तरुणांसाठी या स्पर्धा सराव, परदेशी क्लायंटशी बोलण्याचा अनुभव आणि पहिली काही दाखवण्याजोगी कामं देतात, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी लक्षात घेऊन स्पर्धांना मुदत घालावी. सुरुवातीचे काही महिने, आठवड्याचे ठरावीक तास आणि महिन्याला मोजक्या, हमी असलेल्या, शक्यतो बंद स्पर्धा. एका साध्या वहीत स्पर्धेचं नाव, हमी आहे की नाही, लागलेले तास, मिळालेले तारे, अंतिम फेरी आणि हाती आलेली रक्कम लिहीत जावं. तीन महिन्यांनी ही वही उघडली की कोणत्या विषयात आपलं काम पुढे जातं आणि कुठे तास गळतात, हे स्पष्ट दिसतं.

जिंकलेल्या प्रत्येक क्लायंटला काम सोपवताना एक छोटा संदेश पाठवावा : पुढे लेटरहेड, वेष्टन किंवा फलक लागले तर थेट कामासाठी उपलब्ध आहे. बहुतेक संकेतस्थळांवर अशा थेट कामाची सोय असते. ते काम त्याच संकेतस्थळातून घ्यावं, कारण ग्राहकाला बाहेर नेणं बहुतेक ठिकाणी नियमभंग ठरतं. अशी थेट कामं नियमित येऊ लागली की स्पर्धांचे तास कमी करावेत. वहीतल्या नोंदींत महिन्याची निम्म्याहून अधिक कमाई थेट कामाची दिसू लागली, तर नव्या स्पर्धांत उतरणं थांबवून तो वेळ त्या क्लायंटना द्यावा.